वाळूच्या बादलीऐवजी आई

आमच्या आईला फटाक्याच्या कारखान्यात दोन कामं होती. पहिलं सुतळी बॉम्बला वाती बसवायचं. ते सगळ्याच बाया करत. दुसरं तिचं एकटीचं. सकाळी आठला शेडातल्या सगळ्या बाया उभ्या राहत, पदर डोक्यावर घेत, आणि आई मोठ्यानं प्रार्थना करायची: बापा, आज ह्या पत्र्याखाली ठिणगी पडू देऊ नको, जशा चालत आलो तशा चालत घरी जाऊ दे, येशूच्या नावानं मागते, आमेन. त्या वीस-बावीस बायांत आई सोडून ख्रिस्ती कुणी नव्हतं. तरी आमेन सगळ्या म्हणायच्या आणि मगच खाली बसायच्या. आईला उशीर झाला तर दाराबाहेर थांबून राहायच्या. मालकही थांबायचा. बाळंतिणीला दोन दिवस जास्त रजा द्यायला कुरकुरणारा तो माणूस माझ्या आईच्या प्रार्थनेला मात्र डोक्यावरची टोपी हातात घेऊन गप उभा राहायचा.

हे ऐकून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांना भरून यायचं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तर दर उपासप्रार्थनेला हेच उदाहरण द्यायचे. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. कारण मी ते शेड बघितलं होतं. वाळूच्या बादल्या अडकवायला भिंतीत खिळे होते आणि खिळ्यांना बायांच्या भाकरीच्या पिशव्या होत्या. पाण्याचं पिंप होतं, त्यात पाणी नव्हतं. आग विझवायची जी काही व्यवस्था त्या माणसानं केली होती, ती म्हणजे माझी आई.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात ज्या पट्ट्यात फटाके होतात, त्यातलंच आमचं एक गाव. नाव लिहीत नाही. कारखाने पुष्कळ आहेत, नीट चालवणारेही आहेत, आणि ज्याच्याबद्दल मी लिहितेय त्याला नाव न घेताही कळेल. आम्हा पोरांना बाराखडीच्या आधी दारूकामाचे नियम पाठ असायचे. कामाला जाताना सुती लुगडं नेसायचं, नायलॉनचं नाही. पैंजण, जोडवी, केसातल्या पिना घरी ठेवायच्या. अनवाणी बसायचं. हातातली वस्तू टाकायची नाही, ठेवायची. पुढं मोबाइल आले तेव्हा तेही फाटकाजवळच्या पेटीत जमा व्हायला लागले. बाया हे सगळं जिवापाड पाळत. नियम मोडायची मुभा एकट्या मालकाला होती.

मी सातवीत असताना दुसऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. आई तेव्हा तिथं कामाला होती. शाळेचे पत्रे हादरले. गुरुजींनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि आम्हाला पाढे म्हणायला लावले, आणि ज्यांच्या आया कामाला होत्या त्या पोरी पाढे म्हणत रडत होत्या. मी त्यातली एक. माझ्या शेजारी, त्याच बाकावर, आमच्या घरामागं राहणारी माझी मैत्रीण बसली होती. तिची आई आणि माझी आई कामावर मांडीला मांडी लावून बसायच्या.

आई वाचली. पाणी प्यायला उठून हौदाकडं गेली होती, तेवढ्यात झालं. मैत्रिणीची आई जागेवरून उठली नव्हती. ती गेली, तिच्याबरोबर आणखी दोघी गेल्या.

पुढच्या रविवारी आईनं चर्चमध्ये साक्ष दिली. ज्यांना आमच्यातली रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवानं आपल्यासाठी काही केलं असं वाटलं की भक्तीच्या वेळी उठून सगळ्यांपुढं ते सांगायचं, त्याला साक्ष देणं म्हणतात. आजार बरा झाला, नोकरी लागली, पोरगी सुखरूप बाळंत झाली, काहीही. आई पुढं गेली आणि म्हणाली, देवानं मला हाताला धरून बाहेर काढलं. पाळकांनी मग ते स्तोत्र वाचलं, आमच्या घरोघरी भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं ते, डावीउजवीकडं कितीही माणसं पडली तरी तुझ्या केसाला धक्का लागणार नाही असा भरवसा देणारं. लोक डोळे पुसत होते. मी वळून बघितलं तर चर्चच्या दारात माझी मैत्रीण उभी. घरात सुतक, रडारड, म्हणून बिचारी मला शोधत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

घरी जाताना तिनं मला एकच विचारलं, “तुझ्या आईला काढलं, मग माझ्या आईला निस्ती हाक मारायला काय झालं हुतं तुमच्या देवाला?”

  त्या स्तोत्रातली डावीउजवीकडं पडणारी माणसं कोण, हे मला त्या दिवशी कळलं. ती कुणाची तरी आई असते, आणि तिची पोरगी दारात उभी असते. तेव्हापासून ती फ्रेम दिसली की माझं डोकं उठायचं. आईशी मी त्या प्रश्नाबद्दल कधी बोलले नाही. त्याऐवजी बाकी सगळ्या गोष्टींवरून तीस वर्षं भांडले.

मी शिकले, धाराशिवला आले, एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर लागले, लग्न केलं, दोन खोल्यांचं घर झालं. मैत्रिणीनं सातवीनंतर शाळा सोडली. गावातच दिली तिला, आणि पोटासाठी तीही वातीच वळायला लागली. ह्या नव्या कारखान्यात ती माझ्या आईशेजारी बसायची. अगदी शेजारी. मी गावी गेले की ती बोलायची, हसायची, आईच्या ताटात जेवायची. मला वाटायचं, ही विसरली असेल.

आईला मी किती वेळा म्हटलं, आता बस कर, माझ्याकडं ये. दर वेळी ती एकच म्हणायची, “राखणारा हाय की गं.”

“राखणारा आहे, मग वाळू कशाला लागते? पाणी कशाला लागतं?”

“त्ये मालकाचं काम.”

“मग मालकाला विचार की!”

“इच्यारते,” म्हणायची, आणि विचारायचीही. मालक म्हणायचा, आणतो मावशी, ह्या आठवड्यात आणतो. मग दुसऱ्या दिवशी आठला टोपी काढून उभा. आई डोळे मिटायची. मला वाटायचं, ही बाई येडी आहे. भक्तीनं माणूस इतकं भोळं होतं की शेजारचा माणूस आपला वापर करतोय हेही दिसत नाही. पाळकसाहेबांना एकदा मी तोंडावर म्हटलं, “तुम्ही तिला सांगा, नोकरी सोड.” ते म्हणाले, “ताई, तुमची आई त्या अंधारात दिवा आहे.” मी म्हटलं, “दारूच्या कोठारात दिवा ठेवत नसतात, साहेब.” त्यानंतर वर्षभर मी चर्चमध्ये गेले नाही आणि त्यांनीही बोलावलं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीला पाच-सहा आठवडे असताना मी गावी गेले आणि आईचा डबा घेऊन मुद्दाम शेडापर्यंत गेले. ऑर्डर जोरात होत्या. फलकावर जेवढ्या माणसांची परवानगी लिहिलेली होती त्याच्या दुपटीनं बाया आत बसल्या होत्या. शेडाला दोन दारं. मागच्या दाराला आतून तयार मालाचे खोके छतापर्यंत लावलेले. म्हणजे काही झालंच, तर एवढ्या सगळ्यांनी एका दारातून बाहेर पडायचं, आणि आई व मैत्रीण बसायच्या त्या मागच्या दाराला पाठ लावून.

मालक समोरच होता. मी विचारलं, “हे दार का बंद आहे?”

“चार दिवसांचा प्रश्न हाय ताई. माल उचलला की मोकळं.”

“आणि तेवढ्यात काही झालं तर?”

तो हसला. खरंच हसला. “मावशी हायेत की! तुमच्या आईच्या पुण्याईनं इतकी वर्सं साधा फटाका न्हाय वाजला इथं.”

बायाही हसल्या. मैत्रीण म्हणाली, “व्हय गं, मावशी हाय तंवर आमाला कशाचं भ्याव?” आई खाली मान घालून वात बसवत होती. माझ्या तोंडात फार वाईट शब्द आले होते. मी ते गिळले आणि घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी खोटं बोलले. म्हटलं, आई, माझं बीपी वाढलंय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, आठ दिवस चल. पोरीचं दुखणं म्हटल्यावर ती लगेच निघाली. येरमाळ्याला एसटी मिळेपर्यंत ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती, आणि मला लाज वाटत नव्हती. एकदा आणली की परत पाठवायची नाही, दिवाळी होऊन जाऊ दे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीचा फोन आला. आईनं स्पीकरवर टाकला.

“मावशी, कवा येतावं? पहिल्या दिवशी आमी बाहीरच बसलो, मावशी न्हाय तर कसं बसावं म्हणून. मालक लई तडकला. मग काल त्यानं तुमचीच प्रार्थना लावली की.”

आई म्हणाली, “लावली म्हंजी?”

“मोबाइलवर. त्यानं कवातरी भरून घेतली हुती तुमची. पार शेडात आणून लावली, मोठ्यानं. तुमचाच आवाज, आमेनपतोर. मग बसलो आमी.”

आईनं फोन ठेवून दिला. मला वाटलं तिला समजलं नसेल, म्हणून मी समजावायला लागले, की बघ, काय माणूस आहे, जिथं मोबाइल न्यायची बंदी तिथंच मोबाइल वाजवून. तिनं हात वर केला. चेहरा असा झाला होता की मी तो आयुष्यात बघितला नव्हता. माझी आई रागावली होती. नवऱ्यानं टाकलं तेव्हा न रागावलेली बाई.

“तुला बीपी हाय का न्हाय, खरं सांग,” ती म्हणाली.

मी सांगितलं.

“बरं. उद्या पयली गाडी धरू.”

मी रजा टाकली आणि बरोबर गेले. आठच्या आधी पोचलो. बाया फाटकात होत्या, आईला बघून त्यांचे चेहरे फुलले. शेडात गेल्या, पदर घेतले. मालक आला, त्यानं टोपी काढली. आई उभी होती तशीच राहिली. डोळे उघडे.

“मावशी, चला, उशीर हुतोय,” मालक म्हणाला.

“आज प्रार्थना न्हाय,” आई म्हणाली. मग बायांकडं वळली. “बायांनो, म्या तुमाला इतकी वर्सं अर्धीच गोष्ट सांगितली. सैतानानं येशूला देवळाच्या पार टोकावर नेलं. म्हणला, मार उडी, देव झेलतुय तुला. शास्त्रात लिवलंय म्हणला. आन् जे लिवलंय म्हणला त्ये माझ्या भिंतीवर हाय तेच. येशूनं मारली का उडी? न्हाय मारली. त्यो आपला पायऱ्यांनी खाली आला. आन् म्या काय केलं? तुमाला रोज टोकावर बसवलं आन् झेल म्हणून देवाला सांगितलं. उठा. भाईर चला.”

पायऱ्यांचं तिनं पदरचं घातलं होतं. पण एकेक करून बाया बाहेर आल्या. सगळ्यात आधी मैत्रीण.

मालकाला आधी गंमत वाटली. मग आईनं काय पाहिजे ते सांगितलं, वाळू, पाणी, मागचं दार मोकळं, फलकावरच्या आकड्याएवढ्याच बाया एका शेडात. हे झालं की म्या प्रार्थना करते, म्हणाली. मग त्याची गंमत गेली.

तो आईजवळ आला आणि अगदी गोड आवाजात बोलला. “मावशी, इतकी वर्सं माझ्या शेडात तुमी हिंदू बायांकडनं आमेन म्हणून घेतलं. म्या कुणाला बोललो का? सध्या दिवस कसे हायेत, तुमाला ठाव हाय. उद्या कुणी म्हणलं, ही बाई बायांना बाटवती, तर म्या काय सांगू?”

 दिवस कसे आहेत ते मला चांगलं ठाऊक होतं. आमची गावात चार घरं. कुणाच्या ओसरीवर चार माणसं गाणी म्हणायला बसली तरी हल्ली कोण कोण दारात येऊन उभं राहतं, ते आम्ही ऐकून होतो. ह्या माणसानं ज्या प्रार्थनेवर इतकी वर्षं आपली वाळू वाचवली, तीच आता आईच्या गळ्याला लावली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आई म्हणाली, “सांगा की. तुमीबी टोपी काढून हुबं ऱ्हात हुतात, त्येबी सांगा.”

बाया दोन दिवस बाहेर राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुढच्या दाराजवळ वाळूची एक बादली ठेवली, फोनवर आईचा आवाज लावला आणि सांगितलं, ज्यांना बसायचं त्यांनी बसा, बाकीच्यांच्या जागी दुसऱ्या येतील. बाया बसल्या. सणाच्या तोंडावर कुणाला घरी राहणं परवडणार? मैत्रीणही बसली. संध्याकाळी येऊन आईच्या पायाशी रडली, “मावशी, लेकरं हायेत वं.” आई म्हणाली, “व्हय गं बाई, ठाव हाय मला.” आईचं काम गेलं. मागच्या दाराचे खोके तसेच होते.

मी तिला धाराशिवला घेऊन आले. कायमची. मला हवं होतं ते झालं होतं. शेजारणीला मी सांगितलंसुद्धा, सुटले बाई एकदाची. आई स्वयंपाक करायची, भाजी निवडायची, बोलायची कमी. सकाळी आठ वाजले की मात्र तिचा हात थांबायचा आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहायची, कारण त्याच वेळी तिकडं तिचा आवाज लागत असणार आणि बाया पदर घेत असणार. मला ते बघवत नव्हतं. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, “आई, आता पुरे. देवाचे आभार मान. तू वाचलीस.”

ती माझ्याकडं बघायला लागली. आणि मग जी ओरडली, की माझा नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला.

“आणिक येकदा साक्ष देऊ व्हय? म्या वाचले म्हणून? ती आत बसली आन् म्या भाईर आले, म्हणून आणिक येकदा चर्चात जाऊन सांगू, देवानं मला काढलं?”

मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो झटकला.

“तुला काय वाटतं, म्या बघितलं न्हवतं? दारात हुबी हुती ती पोर. म्या बोलत हुते आन् ती माझ्याकडं बघत हुती. म्या बोलायची थांबले का? न्हाय थांबले. त्या दिसापासनं म्या तिच्याजवळ बसते. तुला वाटतं, देव मला राखतो म्हणून बसते. मला राखावं असं काय हाय माझ्यात? म्या तिला राखायला बसले हुते. आन् तू मला खोटं बोलून उठवून आणलं.”

मी रडायला लागले. त्यानं तिचं मन वितळलं नाही.

“तुझा राग लई मोठा हाय,” आई म्हणाली. “ल्हानपनापासनं बघते. माझ्यावर राग, पाळकावर राग, देवावर तर लई राग. कचेरीत दिसभर काय येतं गं तुझ्या टेबलावर?”

“अर्ज येतात.”

“कुणाचे?”

“सगळ्यांचे. रस्त्याचे, विहिरीचे, बांधाच्या भांडणाचे. परवान्यांचे.”

“कारखान्याचे?”

“तेही येतात.”

“त्यात तुझा येक हाय का?”

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. अर्ज कुणाच्या नावानं करायचा, कुठलं कलम लिहायचं, कुठली प्रत कुणाला द्यायची, हे सगळं ज्या माणसाला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, ती मी. रोज लोकांच्या अर्जांवर शिक्के मारणारी. मी ते शेड डोळ्यांनी बघितलं, बंद दार बघितलं, आतल्या बाया बघितल्या, त्यात माझ्या बाकावरची मैत्रीण बघितली, आणि माझ्या मनात एवढंच आलं की आपली आई बाहेर काढावी. बाकीच्या डावीउजवीकडच्या. ज्या फ्रेमवर मी तीस वर्षं चिडत होते, तिच्यासारखीच मी स्वतः वागत होते.

आईला मी खरं कारण सांगितलं नाही, पण तिला ते ठाऊक होतं. मी भीत होते. नोकरी जाण्याला, मालकाला, आणि त्याच्या त्या गोड बोलण्याला. आमचं आडनाव कागदावर आलं की काय काय बोललं जाईल, याला. म्हणून राग तेवढा घरात काढायचा, जिथं ऐकून घेणारं माणूस आपलंच असतं.

मी कागद काढला. आई सांगत गेली, मी लिहीत गेले. दारं किती, बंद कुठलं, बाया किती, खोके कुठं, मोबाइल कुठं वाजतो. प्रार्थनेचं सोड असं ती म्हणाली नाही. उलट म्हणाली, “त्येबी लिव्ह. म्या करत हुते म्हणून लिव्ह. उद्या त्यानं सांगायच्या आधी आपणच सांगू.” मी लिहिलं. तिसरीपर्यंत शिकलेल्या हातानं तिनं खाली सही केली, एकेक अक्षर दाबून. मग कागद माझ्याकडं सरकवला.

“आता तू.”

“तुझी आहे ना. तू कामाला होतीस. तुझी पुरते.”

“तू बघितलं न्हाय का डोळ्यानं?”

मी पेन धरून बसले. एवढी तोंडाळ बाई मी, पाळकांना घायकुतीला आणणारी, आणि माझा हात हलेना. खाली रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. आईनं डोळे मिटले. ह्या वेळी तिनं ठिणगीचं नाव काढलं नाही, आम्हाला सांभाळ असंही म्हणाली नाही.

“बापा,” ती म्हणाली, “त्या बायांसाठी मागते. आन् हिला लई राग दिलायस तू, त्यातला थोडा हिच्या हातात येऊ दे. येशूच्या नावानं. आमेन.”

कित्येक वर्षांनी मी आमेन म्हटलं. रागातच म्हटलं. आणि सही केली.

सोमवारी साडेदहाला मी माझ्या टेबलावर बसले, पिशवीतून आमचा अर्ज काढला, शिक्का मारला, नोंदवहीत घेतला आणि टपालाच्या फाईलला लावून साहेबांपुढं नेऊन ठेवला. साहेबांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग खालची नावं बघून चष्मा काढला.

“बाई, हे तुम्हीच?”

कचेरीत मी कधी गावचं बोलत नाही. त्या दिवशी तोंडातून तेच आलं.

“व्हय साहेब. म्याच. आन् ती दुसरी सही माझ्या आईची हाय. दिवाळीला दोन आठवडे ऱ्हायलेत. बाया आत बसल्यात.”